इस्रायलमधील अरब नागरिक : कागदावरची समता आणि शांततेची वाट

चिकलठाण्यात दर रविवारी आमचा अभ्यासवर्ग भरतो. वर्गातला एक तरुण एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, त्याचा मोठा भाऊ सेंटरिंगचे काम करतो. इस्रायलमध्ये बांधकामासाठी भरती आहे आणि पगार महिना सव्वा लाखाच्या पुढे आहे, असे त्यांना समजले. "दादाने जावे का?" असे त्याने विचारले. आम्ही लगेच हो-नाही म्हटले नाही. ती जागा रिकामी कशी झाली, हे आधी समजून घेऊ, असे ठरले. त्या चर्चेतून हा लेख झाला.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० लोक मारले गेले, अडीचशे जणांना ओलीस नेले गेले. निरपराधांच्या त्या हत्येचे समर्थन होऊ शकत नाही. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. त्यात हजारो लहान मुले होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला, पण युद्धविराम म्हणजे शांतता नव्हे. युद्ध सुरू होताच वेस्ट बँकमधून रोज कामाला येणाऱ्या पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले. सळई बांधणे, गिलावा, फरशी ही कामे अडली आणि भारतातून माणसे नेण्यास सुरुवात झाली.

सगळे पॅलेस्टिनी एकाच स्थितीत नाहीत

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. गाझा आणि वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनींना इस्रायलचे नागरिकत्व नाही. १९६७ च्या युद्धापासून ते इस्रायली लष्कराच्या ताब्याखाली किंवा वेढ्यात जगत आले आहेत. पूर्व जेरुसलेममधल्या बहुसंख्य पॅलेस्टिनींना राहण्याचा परवाना आहे, पण संसदेसाठी मत नाही. तिसरा गट इस्रायलच्या अरब नागरिकांचा. १९४८ मध्ये लाखो पॅलेस्टिनी विस्थापित झाले, त्या वेळी जे मागे राहिले त्यांचे हे वंशज. इस्रायलच्या लोकसंख्येत ते सुमारे एकवीस टक्के आहेत. त्यांना मत आहे, त्यांचे खासदार निवडून येतात, अनेक जण डॉक्टर, परिचारिका, वकील आहेत.

मग अडचण कुठे आहे? १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात धर्म, वंश, लिंग न पाहता समतेचे वचन आहे. पण १९६६ पर्यंत याच नागरिकांवर लष्करी प्रशासन होते. गावाबाहेर जायलाही परवाना लागे. ३० मार्च १९७६ रोजी जमीन संपादनाविरुद्ध संप झाला, त्यात सहा जण मारले गेले. तो दिवस आजही 'भूमी दिन' म्हणून पाळला जातो. २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने आत्मनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा ठरवला आणि अरबी भाषेचा अधिकृत दर्जा काढला. आपल्या संविधानात कलम १४ आणि १५ आहे. इस्रायलला एकसंध लिखित संविधान नाही आणि मूलभूत कायद्यांत समतेचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही.

लोदमधली मराठी माणसे

या प्रश्नाला एक मराठी बाजूही आहे. कोकणात तेलघाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाणारे बेने इस्रायली १९४८ नंतर हजारोंच्या संख्येने तिकडे गेले. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. तुमचे कूळ शुद्ध आहे का, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या समान दर्जाची बाजू घेतली आणि धर्मपीठाला आदेश बदलावा लागला.

त्यातले अनेक जण लोद शहरात स्थायिक झाले. जुलै १९४८ मध्ये याच लोदमधून बहुतेक अरब रहिवाशांना हाकलले गेले होते. आज तिथे ज्यू आणि अरब शेजारी राहतात. मे २०२१ मध्ये तिथे दंगल झाली. गोळीबारात एक अरब आणि दगडफेकीत एक ज्यू नागरिक मरण पावला. त्या ज्यू माणसाच्या कुटुंबाने अवयवदान केले. त्याचे मूत्रपिंड एका अरब स्त्रीला बसवले गेले. माणुसकी शिल्लक आहे, पण केवळ तिच्या भरवशावर राज्य चालत नाही.

शांततेशी संबंध काय?

१९९३ मध्ये ओस्लो करार झाला, तेव्हा पंतप्रधान राबिन यांचे सरकार पाच अरब खासदारांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर टिकून होते. विरोधकांनी आरोप केला की या कराराला 'ज्यू बहुमत' नाही. म्हणजे अरब नागरिकाचे मत मोजायचे, पण धरायचे नाही! ४ नोव्हेंबर १९९५ रोजी एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांची हत्या केली. २०२१ मध्ये मन्सूर अब्बास यांचा अरब पक्ष प्रथमच सत्ताधारी आघाडीत सामील झाला. ते सरकार जेमतेम वर्षभर टिकले.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हाच धोका मांडला आहे. राजकीय बहुमत घडते आणि बदलते; जन्माने मिळालेले बहुमत बदलत नाही. अशा बहुमतापुढे अल्पसंख्याकाला कायद्यातच पक्के संरक्षण हवे. आमच्या मते इस्रायल-पॅलेस्टाइनच्या शांततेची खरी कसोटी इथे आहे. जे राज्य आपल्याच अरब नागरिकाचे मत समान मानत नाही, ते शेजारच्या पॅलेस्टिनीला समान कसे मानेल? दोन राज्ये होवोत वा एक, समान नागरिकत्वाशिवाय कोणताही करार टिकणार नाही.

केवळ ठरावाने हक्क मिळत नाही, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. विद्यापीठ नामांतराचा ठराव १९७८ चा, नामविस्तार १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. हा प्रश्न इथल्या हिंदू-मुस्लिम चष्म्यातून दाखवणारे व्हॉट्सअॅप संदेश पुढे ढकलू नका. जन्मावरून माणसाचा दर्जा ठरतो का, एवढा एकच प्रश्न दोन्ही बाजूंना विचारा.

त्या भावाचा निर्णय अजून झालेला नाही. पोट प्रत्येकाला आहे, जाणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. करार लेखी घ्या, त्याची प्रत घरी ठेवा, पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका, युद्धकाळात विम्याचे काय ते आधी विचारा, एवढे आम्ही त्याला सांगितले. आणि ज्या परातीत तू उद्या सिमेंट कालवशील, ती कालपर्यंत कोणाच्या हातात होती, हे विसरू नकोस, असेही सांगितले.

जय भीम.