गर्भारपणाचा मध्यकाल

गर्भारपणाच्या सु. २८० दिवसांचे (४० आठवड्यांचे) तीन भाग पाडण्याची वैद्यकीय प्रथा असून त्यांपैकी चौदाव्या आठवड्यापासून सत्ताविसावा आठवडा संपेपर्यंतच्या भागास मध्यकाल किंवा मधली तिमाही म्हणतात. ही गणना गर्भधारणेच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून केली जाते. घरगुती भाषेत चौथा, पाचवा व सहावा हे महिने यात येतात. परंतु ‘पाचवा लागला’ आणि ‘पाचवा सरला’ या दोन बोलण्यांत चार आठवड्यांचे अंतर असते व पुढे सांगितलेल्या काही तपासण्यांच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे. म्हणून पाळीची तारीख लिहून ठेवणे व बोलताना महिन्यांऐवजी आठवडे सांगणे इष्ट असते.

पहिल्या तिमाहीतील मळमळ, उलट्या व ग्लानी या काळात बहुधा ओसरतात, भूक सुधारते, गर्भपाताचा धोका बराच कमी होतो आणि पोटाचा भारही अद्याप जाणवत नाही. त्यामुळे हा सुखाचा काळ समजला जातो. ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे. तथापि प्रकृती बरी वाटते म्हणून दवाखान्यात न जाण्याची प्रवृत्तीही याच काळात दिसते. गर्भातील व्यंगे, वाढता पांडुरोग, मधुमेह आणि रक्तदाबवाढ यांचा शोध घेण्याची योग्य वेळ नेमकी हीच असल्यामुळे ती प्रवृत्ती महाग पडू शकते.

गर्भाची वाढ : गर्भाचे सर्व प्रमुख अवयव पहिल्या तिमाहीतच घडलेले असतात, मध्यकालात त्यांची वाढ होते व कार्ये सुरू होतात. विसाव्या आठवड्यात गर्भाची डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी सु. २५ सेंमी. व वजन सु. ३०० ग्रॅ. असते, अठ्ठाविसाव्या आठवड्यास ती अनुक्रमे सु. ३५ सेंमी. व १ किग्रॅ.च्या आसपास पोहोचतात. अंगावर मऊ लव उगवते आणि त्वचेवर पांढरा तेलकट थर जमतो. गर्भजलात सतत बुडालेल्या त्वचेचे या थरामुळे रक्षण होते. चिकटलेल्या पापण्या सु. सव्विसाव्या आठवड्यात सुटतात व त्याच सुमारास मोठ्या आवाजाला गर्भ प्रतिसाद देऊ लागतो. फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणारा पदार्थ सु. चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो. परंतु तो पुरेसा होण्यास आणखी बराच अवधी लागतो. त्यामुळे या काळात जन्मलेल्या अर्भकास श्वसनाची यांत्रिक मदत बहुधा लागतेच.

गर्भाची हालचाल पहिलटकरणीला सामान्यतः अठराव्या ते विसाव्या आठवड्यात व आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला त्याहून सु. दोन आठवडे आधी जाणवते. प्रथम ती पोटातील वायूसारखी किंवा पाकोळी फडफडल्यासारखी वाटते. वार गर्भाशयाच्या पुढील भित्तीवर असल्यास ती उशिरा कळते. त्यात काळजीचे कारण नसते. गर्भाच्या हृदयाचे ठोके पोटावरून ऐकण्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते झाक अलेक्सांद्र ल ज्यूमो द केर्गाराडेक या फ्रेंच वैद्यांनी १८२१ मध्ये. गर्भ जिवंत आहे की नाही हे त्यापूर्वी मुख्यतः आईच्या सांगण्यावरूनच ठरवावे लागे.

आईच्या शरीरातील बदल : गर्भाशयाचा माथा बाराव्या आठवड्यात जघनास्थीच्या वर हाताला लागतो आणि विसाव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या दरम्यान बेंबीच्या पातळीस येतो. विसाव्या आठवड्यानंतर जघनास्थीपासून माथ्यापर्यंतचे सेंटिमीटरमधील अंतर आणि आठवड्यांची संख्या ढोबळमानाने जुळतात. एक साधी फीत एवढेच साधन त्यासाठी लागत असल्याने खेड्यातील उपकेंद्रातही गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवता येते.

प्रोजेस्टेरोन या हॉर्मोनामुळे शरीरातील अनैच्छिक स्नायू सैल पडतात. बद्धकोष्ठ, छातीतील जळजळ, पायांवरील फुगलेल्या नीला ही त्याचीच फळे होत. मूत्रवाहिन्याही रुंदावतात, विशेषतः उजवी. त्यांत मूत्र साचून जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. म्हणून थंडी वाजून ताप व कुशीत दुखणे यांकडे दुर्लक्ष करू नये. बेंबीखालील काळी रेघ, गालांवरील वांग, हिरड्यांतून रक्त येणे, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे आणि उठता-बसता जांघेत कळ येणे हे बहुधा निरुपद्रवी असते. रक्तदाब या काळात थोडा उतरतो व पुढे पूर्वपदावर येतो. हृदयावरील भार मात्र वाढतच जातो. संधिवातज्वराने लहानपणीच हृदयाची झडप आकसलेल्या स्त्रीला आपल्या विकाराची पहिली जाणीव अनेकदा याच महिन्यांत, जिना चढताना लागणाऱ्या धापेतून होते. गर्भिणीला थोडी धाप लागणे स्वाभाविक आहे. परंतु आडवे पडल्यावर वाढणारी धाप स्वाभाविक नव्हे.

पांडुरोग : गर्भारपणात रक्तद्रव सु. ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या कोशिका त्या प्रमाणात वाढत नाहीत. परिणामी रक्त पातळ होते व हीमोग्लोबिनाचे प्रमाण उतरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत मधल्या तिमाहीसाठी पांडुरोगाची मर्यादा दर १०० मिलि. रक्तात १०.५ ग्रॅ. इतकी, म्हणजे इतर दोन तिमाहींच्या ११ ग्रॅ.पेक्षा कमी ठेवली आहे. भारतात ही स्वाभाविक घट आधीच रिकाम्या असलेल्या लोहसाठ्यावर येऊन पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. हीमोग्लोबिन ७ ग्रॅ.च्या खाली असलेल्या स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा साधा रक्तस्रावही प्राणघातक ठरू शकतो. सातव्या-आठव्या महिन्यात हे लक्षात आल्यास उपचारास वेळ उरत नाही.

या विषयातील एक मूलभूत शोध मुंबईत लागला. ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ पासून मुंबईतील गर्भवतींच्या, विशेषतः गिरणीकामगार स्त्रियांच्या, एका गंभीर पांडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. यात तांबड्या कोशिका नेहमीपेक्षा मोठ्या होत. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील अज्ञात द्रव्यास काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. तेच पुढे फॉलिक अम्ल म्हणून ओळखले गेले. आज चौथ्या महिन्यापासून देण्यात येणाऱ्या गोळीत ६० मिग्रॅ. लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅ. फॉलिक अम्ल असते आणि ती रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यावयाची असते. गोळीने शौचास काळे होते, क्वचित मळमळते. एवढ्यावरून ती सोडून देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमाच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबाच्या रसाने लोहाचे शोषण वाढते. गूळ-शेंगदाणे, हळीव, पालेभाज्या हे पदार्थ हितकर खरे; पण एकदा जडलेला पांडुरोग केवळ त्यांनी बरा होत नाही. या महिन्यांत जंतनाशक गोळीही एकदा देतात.

डोहाळे : सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातील स्त्रीस दोन हृदयांची, म्हणून ‘दौहृदिनी’, म्हटले असून तिच्या इच्छा पुरविण्यास सांगितले आहे. महाराष्ट्रातील डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात होते. आंबट-तिखटाची आवड निरुपद्रवी असते. माती, खडू, राख किंवा कच्चे तांदूळ खाण्याच्या इच्छेची गोष्ट निराळी आहे. कालिदासाच्या रघुवंशातील सुदक्षिणेलाही मातीचे डोहाळे लागलेले आहेत. अशा इच्छेचा लोहाच्या कमतरतेशी वारंवार संबंध आढळतो. तेव्हा तिचे कौतुक करण्यापूर्वी रक्त तपासावे हे बरे.

तपासण्या : श्राव्यातीत ध्वनीने गर्भाची प्रतिमा मिळविण्याचे तंत्र ग्लासगो येथील इअन डॉनल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. मध्यकालातील मुख्य तपासणी (सोनोग्राफी) अठराव्या ते विसाव्या आठवड्यात करतात. मेंदू, कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडे, हातपाय, वारेची जागा व गर्भजल यांची तीत क्रमाने पाहणी होते. सर्वच व्यंगे तीत दिसत नाहीत, हे आईबापांस आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. विलंब न करण्याचे एक कारण कायदेविषयकही आहे. गर्भपातासंबंधीच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार विसाव्या आठवड्यापर्यंत एका व पुढे चोविसाव्यापर्यंत, नियमांत सांगितलेल्या स्त्रियांच्या बाबतीत, दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाचे निदान आवश्यक असते. तपासणी चोविसाव्या आठवड्यात करून घेणारे कुटुंब निर्णयासाठी लागणारा वेळच गमावून बसते. गर्भाचे लिंग सांगणे वा विचारणे हा गुन्हा आहे. याविषयी देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला व केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला.

चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तशर्करा मोजतात. ती १४० मिग्रॅ. किंवा अधिक असल्यास गर्भारपणातील मधुमेह समजतात. प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन व मूत्रातील प्रथिन पाहतात. धनुर्वात व घटसर्प यांची लस राहिली असल्यास तीही या काळात पुरी करतात.

उपद्रव : पाचव्या-सहाव्या महिन्यात फारशा कळा न येता पुनःपुन्हा गर्भपात होणे हे गर्भाशयग्रीवा दुबळी असल्याचे लक्षण असू शकते. एके काळी अशा स्त्रीच्या नशिबाला बोल लावण्यापलीकडे काही करता येत नसे. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी ग्रीवेभोवती टाका घालून ती बंद ठेवण्याची शस्त्रक्रिया १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीस ते यासाठी रुग्णेच्याच मांडीतील पटलाची पट्टी वापरीत. ‘शिरोडकर टाका’ या नावाने ही शस्त्रक्रिया जगभर ओळखली जाते. टाका प्रसूतीपूर्वी काढावा लागत असल्याने तो कोठे व केव्हा घातला याची नोंद स्त्रीजवळ असावी.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होऊन मूत्रात प्रथिन जाऊ लागल्यास पुढे झटके येण्याचा (गर्भाक्षेपकाचा) धोका असतो. सायंकाळी पावलांवर येणारी सूज सामान्य असते. चेहरा व हात सुजणे, तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे व पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही धोक्याची लक्षणे आहेत. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, ठरावीक अंतराने कळा येणे किंवा जाणवू लागलेली हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

आहार व दिनचर्या : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार या काळात रोज ३५० किलोकॅलरी अधिक ऊर्जा व ९.५ ग्रॅ. अधिक प्रथिन लागते. म्हणजे एक-दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ व थोडे दूध एवढी भर पुरते. ‘दोन जिवांचे’ म्हणून दुप्पट खाण्याचे कारण नाही. याउलट, मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने पोटभर न जेवण्याचा जो प्रघात काही घरांत आहे तो घातक आहे. ग्रहणकाळी भाजी चिरल्याने गर्भास व्यंग येते या समजुतीला आधार नाही. दिवसभर उपाशी व एका जागी बसवून ठेवल्याने मात्र गर्भिणीस त्रास होतो. नेहमीची कामे, चालणे व उपद्रव नसल्यास समागम यांस हरकत नसते. विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा दाब मोठ्या नीलेवर पडून चक्कर येऊ शकते. डाव्या कुशीवर निजणे बरे.

ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या स्त्रियांचा मध्यकाल अनेकदा हंगामातच येतो आणि नोंदणी एका गावी, मुक्काम दुसऱ्या असे होते. अशा स्त्रीने आपले माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर नेल्यास पुढील तपासणी मुक्कामाजवळच्या आरोग्य केंद्रात होऊ शकते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची तपासणी विनामूल्य केली जाते.