दोन चित्रांच्या मधली गोष्ट

मुलांनो, शाळेतला सूर्यनमस्काराचा तक्ता आठवतोय ना? माणूस एकच, चित्रं मात्र अनेक. मधली हालचाल कुणी काढलेलीच नाही, तरी ती आपल्याला दिसते! चित्रकथेची सगळी गंमत इथंच आहे.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक आणि स्वतः चित्रकार. नेमके प्रसंग निवडून त्यांनी चित्ररामायण केलं. ते १९१६ साली छापलं गेलं. त्यांच्याच संस्थानातली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' मासिक निघालं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर व्यंगचित्रंही काढत!

आता पेन्सिल घ्या. पहिल्या चौकटीत चिंचेचं झाड आणि बंडूच्या हातात दगड. दुसरीत फुटलेली खिडकी आणि धूम पळणारा बंडू. उडणारा दगड काढू नका हं. तो वाचणारा फेकेल!