डन्जन आखताना आधी पाणी आणि हवा बघा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका वठवण्याचा खेळ १९७४ मध्ये आला, तेव्हापासून लोक डन्जनांचे, म्हणजे भुयारांचे, नकाशे काढतायत. पण बऱ्याच नकाशांत बंद खोलीत एक राक्षस बसलेला असतो आणि तो खातो काय, पाणी कुठलं पितो, याचा पत्ताच नसतो. मला हे फार खटकतं.

जमिनीखाली खरंच राहायचं तर काय सोय लागते, हे कळायला तुर्कस्तानातलं डेरिनकुयू बघाच. मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेलं, सुमारे ८५ मीटर खोल भूमिगत शहर! गोठे वरच्या मजल्यांवर. हवेसाठी थेट खालपर्यंत गेलेले उभे झरोके. काही विहिरींची तोंडं जमिनीवर उघडतच नाहीत, म्हणजे शत्रूला पाण्यात विष कालवता येत नाही. आणि दारं म्हणजे जात्याच्या पाळीसारख्या प्रचंड गोल शिळा, आतूनच लोटता येणाऱ्या, मधोमध भोक असलेल्या.

आता तुमच्या डन्जनमधल्या अशाच गोठ्यात गॉब्लिनांनी, म्हणजे खुज्या राक्षसांनी, लांडगे बांधलेत असं धरा. झरोक्यातून धूर सोडला तर? मशालीची ज्योत एका बाजूला झुकली, तर हवा कुठून येतेय? खेळाडू आपणहून विचार करायला लागतात.

बांधणारे वेगळे, आता राहणारे वेगळे, हेही ठरवा. जेनेल जॅक्वेज यांचं १९७९ चं 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेसिया' हे खेळासाठीचं तयार साहस यात अव्वल आहे: आत शिरायच्या अनेक वाटा, एकावर एक काळाचे थर, आपापसांत वैर असलेल्या टोळ्या.

सापळेसुद्धा मग बरोबर जागी बसतात. राहणाऱ्यांच्या रोजच्या वाटेवर नकोत. खजिन्याकडे जाणाऱ्या ओसाड बोळात लावा.