जुना संगणक, मराठी मजकूर आणि लग्नाची कॅसेट

छत्रपती संभाजीनगरातलं, म्हणजे जुन्या औरंगाबादेतलं शहागंज डोळ्यांपुढे येतं ते निजामकाळातल्या घड्याळाच्या टॉवरसह. भोवती मशीद, चमन आणि दिवसभर न आटणारा बाजार. इथून सराफा, सिटी चौक, गुलमंडी असं फिरत लग्नाचा बस्ता बांधायचा, ही जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची रीत. बस्त्याच्या जोडीला दोन कामं ठरलेली असतात. पत्रिका छापून घ्यायची आणि शूटिंगवाला पक्का करायचा. 1985 ते 2005 या काळात ही दोन्ही कामं हळूहळू संगणकावर गेली. त्या काळच्या पत्रिका, पोथ्या, स्मरणिका आजही फ्लॉप्यांत अडकून आहेत आणि लग्नं कॅसेटमध्ये.

त्यामुळे जुना संगणक घ्यायचं मनात आलं, मग ते हौसेपोटी असो की घरातल्या फ्लॉप्या-कॅसेट उघडण्यासाठी, निवड नीट करायला हवी. यंत्राचं नाव, वेग, किंमत हे सगळं नंतर पाहावं. आधी दोन गोष्टी विचाराव्यात. हा संगणक मराठी कशी साठवतो? आणि पडद्याकडे सिग्नल कसला पाठवतो? या दोन उत्तरांवर बाकीचं सगळं ठरतं.

पहिला मोह होतो तो 1980च्या दशकातल्या घरगुती संगणकांचा. 1982 साली आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, त्याच वर्षीचा कमोडोर 64, शाळांसाठी नावाजलेला बीबीसी मायक्रो. स्पेक्ट्रमची परवानगीनं बनवलेली आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीनं 1986 साली भारतातही आणली होती, आणि बीबीसी मायक्रो ‘क्लास’ या सरकारी योजनेतून 1984 पासून आपल्या शाळांत पोचला. यंत्रं देखणी आहेत, टीव्हीला जोडली की चालतात. पण स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे 256 आणि उभे 192 ठिपके, आणि एका अक्षराला आठ बाय आठचा चौकोन. इंग्रजी अक्षर त्यात आरामात बसतं. आता त्याच आठ ओळींत ‘र्की’ बसवून बघा. मधे शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, वेलांटीला खेटून रफार, खाली अक्षराचं अंग. आणि शेजारी ‘कू’ आला तर त्याच्या ऊकारालाही जागा हवी. आठ ठिपक्यांत हे मावत नाही, मावलं तर वाचता येत नाही. मराठी लेखनासाठी या यंत्रांचा विचार मी करणार नाही.

मराठी लिहिणाऱ्यासाठी त्या काळातली खरी मोलाची वस्तू संगणक नव्हतीच. ती होती संगणकात खोचायची एक पाटी, जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये 1980च्या दशकात भारतीय लिप्यांवर जे काम झालं त्यातून हे तंत्र उभं राहिलं. मोहन तांबे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि जिस्ट तिथे आलं. हे कार्ड साध्या डॉसवाल्या पीसीच्या आयएसए स्लॉटमध्ये बसतं आणि कळफलक व पडदा दोन्ही आपल्या ताब्यात घेतं. आत चालणाऱ्या इंग्रजी प्रोग्रामला पत्ताही लागत नाही की आपण मराठी हाताळतोय. त्यामुळे डीबेससारख्या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्राममध्ये मराठी नावांची यादी ठेवता येऊ लागली. या एका युक्तीमुळे प्रत्येक प्रोग्राम नव्यानं लिहिण्याची गरज संपली. आपल्या भाषांसाठी झालेल्या संगणकीय कामात इतकं नेमकं आणि इतकं उपयोगी काम मला दुसरं दिसत नाही.

कळफलक होता इनस्क्रिप्टचा. 1986 साली तो प्रमाण ठरला आणि आजही वापरात आहे. त्याची रचना समजली की जीव हरखतो. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. ‘शहागंज’ लिहायचं तर शिफ्ट धरून इंग्रजी एमवर बोट ठेवलं की श, मग यूवर ह, ईवर काना, आयवर ग, एक्सवर अनुस्वार, पीवर ज. आपण शब्द उच्चारतो त्याच क्रमानं बोटं पडतात. जोडाक्षर हवं असेल तर डीवरचा हलन्त मधे द्यायचा. अक्षरं कशी जोडायची ते कार्ड बघून घेतं. जुन्या मराठी टाइपरायटरवर अर्धी अक्षरं शोधत बसणाऱ्या माणसाला ही केवढी सुटका वाटली असेल!

मजकूर साठतो तोही उच्चाराच्याच क्रमानं, इस्की या संकेतात. 1991 साली भारतीय मानक म्हणून त्याची नोंद झाली, आयएस 13194 या क्रमांकानं. त्यात ‘क’ला एकच अंक, मग तो देवनागरीत दाखवा की गुजरातीत. युनिकोडमधला देवनागरीचा भाग इस्कीच्या 1988च्या आराखड्यावरच बेतलेला आहे, म्हणून इस्कीतली जुनी फाइल आजच्या युनिकोडमध्ये आणणं फार अवघड जात नाही.

पुढे विंडोज आलं आणि डीटीपीच्या दुकानांनी वेगळी वाट धरली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी घरोघरच्या पत्रिकांवर पोचलं. त्याच्या टंकांची सुबकता आजही डोळ्यांत भरते. पण या पद्धतीत फायलीत अक्षर नसतं, अक्षराचा आकार असतो. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, म्हणून साठतेही आधी. तो विशिष्ट टंक नसेल तर फाइल उघडल्यावर समोर येतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग. तुमच्याकडच्या फ्लॉप्या 1995 नंतरच्या डीटीपीच्या असतील, तर जिस्ट कार्डाचा काही उपयोग नाही. त्याच काळातलं विंडोज आणि तोच टंक असलेलं यंत्र शोधावं लागेल.

आता कॅसेटकडे, म्हणजे लग्नाच्या चित्रावर नावं उमटवण्याकडे वळू. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा. चित्रात 625 ओळी, सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे सेकंदाला 15,625 ओळी. व्हीजीए पडद्याचा पीसी साधारण दुप्पट वेगानं, सेकंदाला एकतीस-साडेएकतीस हजार ओळी पाठवतो. तो सिग्नल व्हीसीआरला घेताच येत नाही. पत्रिका कितीही सुरेख करणारा 486 पीसी असला, तरी मध्ये वेगळं उपकरण घातल्याशिवाय त्यावरचं नाव कॅसेटवर उमटत नाही.

इथे कमोडोरचा अमिगा सगळ्यांच्या पुढे निघून जातो. पहिला अमिगा 1985 साली न्यूयॉर्कमध्ये दाखवला तेव्हा मंचावर चित्रकार अँडी वॉरहॉलनं त्यावर गायिका डेबी हॅरीचं चित्र रंगवलं होतं. 1987 साली अमिगा 500 आणि 2000 आले. या यंत्राचं घड्याळच टीव्हीच्या सिग्नलशी जुळवून बांधलेलं आहे. त्याला जेनलॉक नावाची डबी जोडली की आत येणाऱ्या व्हिडिओच्या ओळीशी तो आपली ओळ जुळवतो, आणि पडद्यावर जिथे जिथे शून्य क्रमांकाचा रंग असेल तिथे मागचं चालतं चित्र दिसू लागतं. वरात चालली आहे आणि तिच्यावरून नावं सरकत जाताहेत, हे दृश्य घरगुती किमतीच्या यंत्रावर आणलं ते अमिगानं. देवनागरीची सोय त्यात मुळीच नव्हती. पण शीर्षकासाठी तिची गरजही कमीच पडते. डिलक्स पेंट या प्रोग्रामात ‘शुभविवाह’ एकदा चित्रासारखा रेखून ठेवला की तो प्रत्येक लग्नाला चालतो. बदलायची ती नावं. उर्दूतला निकाहाचा मजकूरही असाच कातिबाकडून, म्हणजे उर्दू सुलेखनकाराकडून लिहून घेऊन रंगवता येतो. अमिगासाठी 1990 साली आलेल्या व्हिडिओ टोस्टरची कीर्ती मोठी आहे, पण तो अमेरिकी एनटीएससी पद्धतीसाठी बनलेला. आपल्याकडे त्याच्या नादी लागू नये.

अमिगा घेताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. 500च्या पिवळ्या व्हिडिओ सॉकेटातून फक्त काळंपांढरं चित्र येतं. रंग हवे तर ए520 ही जोडणी लागते, नाहीतर 1992 सालचे 600 किंवा 1200 पाहावेत. त्यांतून रंगीत चित्र थेट टीव्हीवर जातं.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, घरात दोन यंत्रांना जागा नाही, एकच सांगा. मग माझं उत्तर अमिगाही नाही आणि जिस्टवाला 386ही नाही. पेंटियम 3, विंडोज 2000 किंवा एक्सपी, आणि फायरवायर कार्ड. विंडोज 2000मध्ये मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट मुळातच आहेत. श्रीलिपीच्या त्या काळच्या आवृत्त्या त्यावर चालतात. उर्दू लिहिणाऱ्यांसाठी 1994 साली दिल्लीहून आलेलं इनपेजही चालतं, आणि शहागंजात ही गोष्ट दुय्यम नाही. उर्दूचे अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचं काम याच शहरातून चालवलं होतं. इथे एकाच गल्लीतल्या दोन पत्रिका दोन लिप्यांत निघतात. व्हिडिओचं म्हणाल तर मिनीडीव्ही कॅसेट फायरवायरनं जशीच्या तशी आत उतरते, तासाला सुमारे 13 जीबी. विंडोज 98 मात्र टाळा. त्याची डिस्कची पद्धत चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, म्हणजे वीस मिनिटांच्या आतच सप्तपदी मधेच तुटते. व्हीएचएससाठी बाहेरचा सिग्नल आत घेणारा कॅमकॉर्डर मध्ये जोडावा. हे यंत्र दिसायला सामान्य आहे, संग्राहकांत त्याला मान नाही, आणि म्हणूनच ते भंगारात सगळ्यात आधी जातं. दिसलं तर घेऊन टाका.

घेताना खोलून बघा. 386-486च्या बोर्डांवर आणि अमिगा 2000वर निकेलची छोटी पिंपासारखी बॅटरी असते. ती पाझरली की आजूबाजूचे तांब्याचे मार्ग हिरवट पडून खाल्ले जातात. अमिगा 500मध्ये ती पोटातल्या जादा मेमरीच्या पाटीवर असते, म्हणून वरून कळत नाही. पाझर थोडा असेल तर बॅटरी काढून जागा व्हिनेगरनं पुसायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. पॉवर सप्लाय थेट भिंतीला जोडून बघायचा मोह आवरा. त्यातले कपॅसिटर आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट स्वच्छ करून घेतल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू नका, कारण हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती पट्टी मागे ओढून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. मगच ती ड्राइव्हमध्ये घाला, आणि वाचली गेली की फायली उघडत बसण्याआधी आख्ख्या फ्लॉपीची नक्कल उतरवून घ्या.