घोड्याचा डोळा 'वितळतो' म्हणजे नेमकं काय होतं?

जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांमध्ये घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक. तो डोक्याच्या बाजूला असतो आणि थोडा पुढे आलेला असतो. त्यामुळे घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. पण काटा, गवताची काडी, तबेल्यातला खिळा, जे काही लागायचं ते आधी डोळ्यालाच लागतं. मग घोडा माथेरानचा असो की सारंगखेड्याच्या बाजारातला.

लक्षणं साधी असतात. घोडा डोळा मिटून धरतो, पाणी गळतं, वरच्या पापणीचे केस खाली झुकलेले दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, कचरा गेला असेल, उद्या बघू. पण हे दुखणं 'उद्या'वर टाकण्यासारखं नाही. का, ते समजून घेऊ, कारण त्यात संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी शिकावं असं बरंच आहे.

हिरवा रंग काय सांगतो?

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. वर पेशींचा पातळ थर (एपिथेलियम), मध्ये कोलॅजनचा जाड थर (स्ट्रोमा) आणि त्याखाली डेसेमेटचं पटल. जखम झाली की डॉक्टर फ्लुओरेसिन नावाचा रंग घालतात. तो पाण्यात विरघळणारा आहे. वरचा थर शाबूत असेल तर रंग आत शिरत नाही. तो थर निघाला असेल तर स्ट्रोमा रंग शोषतो आणि निळ्या प्रकाशात ती जागा हिरवी चमकते.

आता गंमत बघा. जखम स्ट्रोमा पार करून डेसेमेटच्या पटलापर्यंत पोचली, तर ते पटल हा रंग घेत नाही. म्हणजे कडेला हिरवं कडं आणि मध्ये काहीच नाही! नवख्याला वाटेल मधला भाग बरा झाला. खरं तर डोळा फुटायच्या बेतात असतो. चाचणी 'निगेटिव्ह' आली याचा अर्थ ती चाचणी काय मोजते हे कळल्याशिवाय लावायचा नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वितळवतं कोण?

काही जखमा भरण्याऐवजी पसरतात. कॉर्निया राखाडी, मऊ, जेलीसारखा होतो. यालाच 'मेल्टिंग अल्सर' म्हणतात. दोषी असतात कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स, मुख्यतः मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेजेस. यातली काही स्यूडोमोनाससारखे जिवाणू सोडतात, पण बरीचशी घोड्याच्याच पांढऱ्या पेशींतून येतात. म्हणजे जंतू मारले तरी वितळणं लगेच थांबेलच असं नाही. काही वेळा हे सगळं एका दिवसाच्या आतही बिघडू शकतं.

म्हणून उपचार दोन आघाड्यांवर चालतो. जंतूंसाठी अँटिबायोटिक किंवा बुरशीविरोधी थेंब आणि एन्झाइम्ससाठी चक्क घोड्याच्याच रक्ताचं सीरम! त्यातलं अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन ही एन्झाइम्स पकडून ठेवतं. ईडीटीएही वापरतात, कारण या एन्झाइम्सना झिंक आणि कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच काढून घेतं. बारावीच्या रसायनशास्त्रातलं कीलेशन इथे डोळा वाचवतं.

वेदनेसाठी अ‍ॅट्रोपिन देतात. बाहुली मोठी होते आणि आतल्या स्नायूंचा पेटका सुटतो. पण घोड्यात ते आतड्यांची हालचालही मंदावू शकतं, म्हणून पोटशूळ होतोय का यावर लक्ष ठेवावं लागतं. थेंब दर एक-दोन तासांनी घालायचे असतील तर पापणीतून बारीक नळी बसवतात आणि औषध मानेजवळून सोडतात. नाहीतर दुखऱ्या डोळ्याला घोडा हात लावू देत नाही.

घरातले थेंब नकोत

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजोबांना दिलेले थेंब घरात उरलेले असतात. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. उघड्या जखमेवर ते घातलं तर लाली कमी होते, मालक खूश होतो. पण आत प्रतिकारशक्ती दबते, जखम भरणं मंदावतं, वितळणं वाढतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. उष्ण-दमट हवेत, वनस्पतीचा तुकडा लागून झालेल्या जखमेत अ‍ॅस्परजिलस आणि फ्युझेरियम या बुरशी सापडतात. शेतात काम करताना डोळ्याला पात लागलेल्या माणसांतही याच बुरशी भेटतात. त्यामुळे हा विषय फक्त पशुवैद्यकाचा राहत नाही.

संशोधनाच्या नजरेतून

सीरम एन्झाइम्सची क्रिया कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसतं. मग प्रत्यक्ष घोड्यात डोळे किती वाचतात? इथे अडचण सुरू होते. रुग्ण थोडे, प्रत्येकाची जखम वेगळी आणि एकाच वेळी चार औषधं चालू. डोळा वाचला तर श्रेय कोणाला द्यायचं? शिवाय एका घोड्याचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र नमुने नव्हेत, ही गोष्ट आकडेमोड करताना हमखास विसरली जाते.

पुढचा पेपर वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा: चाचणी नेमकं काय मोजते? परीक्षानळीतला परिणाम जिवंत प्राण्यात दिसला का? तुलना कोणाशी केली?

आणि ओळखीत कोणाकडे घोडा असेल तर एवढं नक्की सांगा: डोळा मिटलेला दिसला की घरचा थेंब घालू नका, डोळा जोर लावून उघडू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.