आधी बॉनेटवर हात ठेवा!

सेकंडहँड टर्बो हॅचबॅक बघायला निघालात? मग मालकाला फोन करून एवढंच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचलात की सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा, तुमच्या आधीच कुणीतरी इंजिनाला सकाळचा चहा पाजलाय. कशासाठी, ते पुढे येतंच.

पुणेकरांना मिरवायला निमित्त लागतं असं नाही, पण हे घ्या आणखी एक. आपल्याकडच्या दोन गाजलेल्या टर्बो पेट्रोल हॅचबॅक पुणे जिल्ह्यातच जन्मल्या. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चाकणची, तर फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावची. चाकणहून शिक्रापूरमार्गे निघालात तर दोघींचं माहेर आणि महागणपतीचं दर्शन एकाच दिवसात उरकतं. जुनी टर्बो घेणाऱ्याने नवस बोलायलाही हरकत नाही म्हणा.

तीन सीसीचा हिशेब

पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली. इंजिन ११९७ सीसी, ताकद १०५ पीएस, गिअर सात. हा ११९७चा आकडा उगाच आलेला नाही. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, तर कर कमी, असा आपल्याकडचा नियम. २०१५च्या अबार्थ पुंटोने लांबीची अट पाळली, पण इंजिन होतं १३६८ सीसीचं. सवलत गेली, पण हाती १४५ पीएस आले. माझं मत विचाराल तर सौदा वाईट नव्हता.

विंचू आणि सफरचंदं

अबार्थच्या बिल्ल्यावर विंचू का? कारण संस्थापक कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक. जन्म १५ नोव्हेंबर १९०८, व्हिएन्ना. १९६५ साली मोंझाच्या ट्रॅकवर वेगाचा विक्रम करायचा होता, पण पोट काही गाडीत मावेना. गडी सफरचंदं खाऊन तीसेक किलो उतरला, गाडीत शिरला आणि विक्रम करूनच बाहेर आला. त्या वेळी वय होतं ५६. जिमची फी भरून घरी बसणाऱ्यांनी पुढच्या परिच्छेदाकडे वळावं.

मिक्सर विरुद्ध टर्बो

टर्बोची कल्पना आपल्या आजोबांच्याही आधीची. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. सायलेन्सरकडे वाया चाललेला धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त पिकअप. घरचा मिक्सर मिनिटाला वीसेक हजार फेरे मारतो आणि सगळी सोसायटी जागी होते. छोट्या गाडीचा टर्बो दीड-दोन लाख फेरे मारतो, तेही तेलाच्या केसाएवढ्या थरावर तरंगत. हे तेल जुनं, काळं, घट्ट झालं की पहिला बळी त्या दांड्याचा. म्हणून ऑइल बदलल्याची बिलं मागा. "वेळच्या वेळी करतो हो" हे बिल नव्हे.

आळशी मालकांचा इतिहासही जुना आहे. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली गाडी आली. तिच्या एका वेगळ्या टाकीत पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण भरावं लागे. लोक भरायचं विसरत आणि मग गाडी ताकदच देईना. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून देण्याची सोय केली.

आता बॉनेटचं कोडं

पोलोच्या या १.२ टीएसआयमध्ये टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. ती सैल झाली की थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट होतो. इंजिन तापलं की आवाज गायब. मी एकदा एक गाडी बघायला गेलो, तर विकणाऱ्याने चावी फिरवतानाच गाणी मोठ्याने लावली. मी हळूच गाणी बंद करायला लावली, गाडीही बंद केली आणि म्हटलं, "उद्या सकाळी येतो." उद्या सकाळी त्यांचा फोन लागला नाही. अबार्थमध्ये साखळीऐवजी पट्टा आहे, तो कधी बदलला एवढं विचारा.

खरी मेख मात्र पोलोच्या सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये. तिच्यात क्लच दोन: एकाकडे १, ३, ५, ७, दुसऱ्याकडे २, ४, ६. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार, म्हणून लोण्यासारखी बदली. पण दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. हिंजवडीच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना ते तापतात, झिजतात. याच जातीच्या गिअरबॉक्सपायी २०१३ साली चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी जगभरात सोळा लाख गाड्यांतलं गिअरचं सिंथेटिक तेल काढून मिनरल भरायचं ठरलं. तेव्हा ट्रायल हायवेवर घेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या गुणी असतात. संध्याकाळी सातला गर्दीत घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला अंग थरथरलं तर भाव पाडा, नाहीतर नमस्कार करून निघा.

परतल्यावर दोन मिनिटं गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवा आणि मग एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडा. मागे निळसर धूर दिसला तर तेल जळतंय. टर्बोचं सील हा पहिला संशयित. "जरा रीमॅप केलंय, भारी पळते" (म्हणजे इंजिनाच्या संगणकातून ताकद वाढवलीय) असं कौतुकाने सांगितलं तर क्लचचं वय तिथल्या तिथे दुप्पट धरा.

आणि हो, खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची. २०१३च्या पोलोची २०२८ला संपते. भाव करताना फेरनोंदणीचा खर्च त्यातून आधीच वजा करा.