हाताने विचारायचा प्रश्न : कुत्र्याची निगा आणि प्रतिबंधक आरोग्य

विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना कुत्र्याच्या आंघोळीशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. तिथूनच सुरुवात करू.

सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांची तुलना यंत्राशी केली. त्यांना भाषा नाही, म्हणून विचारही नाही, असा त्याचा युक्तिवाद. पुढे १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बेंथमने प्रश्नच बदलला : प्राण्याला बोलता येतं का हे गौण, त्याला यातना होतात का हे महत्त्वाचं. आज आपण सगळे बेंथमच्या बाजूचे. पण घरात कुत्रं असलं की एक अडचण उरतेच. यातना होतात हे मान्य, पण त्या आपल्याला कळणार कशा? कुत्रं दुखणं बरंच अंगावर काढतं. ते लंगडायला लागतं किंवा ताटलीकडे पाठ फिरवतं, तोवर आजार पुष्कळदा पुढे गेलेला असतो. ज्याला सांगता येत नाही त्याला विचारायचं कसं? आमच्या मते उत्तर साधं आहे. हाताने विचारायचं.

‘ग्रूमिंग’ म्हटलं की डोळ्यांपुढे पार्लर येतं, सुगंधी शाम्पू येतो. श्रीमंतांचे चोचले वाटतात. पण खरारा हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे ना? खराऱ्याने घोड्याचा, बैलाचा मळ निघतो, आणि करणाऱ्याची नजर व हात जनावराच्या सगळ्या अंगावरून फिरतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळतात. ज्या खांद्यावर जू बसतं, नेमका तोच भाग. कृतज्ञता आणि तपासणी तिथे एकाच हाताने होतात.

आता कुत्र्याकडे येऊ. आपल्या हवेत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोचीड. गोचिडीमुळे एर्लिकिया, बबेसिया यांसारखे आजार होतात. लोक त्यांना सरसकट ‘टिक फीव्हर’ म्हणतात. ताप, मलूलपणा, फिक्या पडलेल्या हिरड्या, कधी नाकातून रक्त, कधी गडद लघवी. वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जातो. गोचीड जितका कमी वेळ चिकटून राहील तितका धोका कमी, म्हणून रोज पाहायचं. कुठे? कानाच्या आत-मागे, मानेच्या पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. बोटाने चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही, चटका द्यायचा नाही. औषध डॉक्टरांना विचारूनच. घरात मांजर असेल तर दुप्पट सावध राहा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

बाकीचं थोडक्यात. रोज किंवा दिवसाआड ब्रश फिरवला की जटा होत नाहीत. जटेखाली ओल राहते, कातडी सडते आणि वरून काहीच दिसत नाही. आंघोळ मात्र वरचेवर नको. निरोगी कुत्र्याला साधारण महिन्यातून एकदा पुरते, आणि साबण आपला नको, कारण त्याची त्वचा आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते. लोंबत्या कानांत पावसाळ्यात ओल साठते. वास आला, कुत्रं सारखं डोकं झटकायला लागलं, तर डॉक्टरांकडे. कानात काडी घालू नये. नखं वाढली की पाऊल नीट टेकत नाही आणि सांध्यांवर ताण येतो. पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख तर जमिनीला लागतच नाही, ते वळून मांसात शिरतं. दात घासायचे ते कुत्र्यांच्या पेस्टने. आपल्या काही पेस्टमधलं झायलिटॉल त्यांना विषासमान आहे. आणि उन्हाळा आला म्हणून लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डचं मुंडण करू नका. तो दुहेरी कोट त्याला उन्हापासूनही जपतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो : महिन्यातून एकदा पार्लरला नेतो, तेवढं पुरे नाही का? केस कापायला पुरे. पण काल नसलेली गाठ आज आहे, हे कोण सांगणार? ज्याचा हात कालही फिरला होता, तोच. बदल ओळखायचा तर आधीची स्थिती माहीत हवी, आणि ती सवयीनेच माहीत होते. तपासणीची जागा डॉक्टरांचीच. आपण फक्त त्यांच्याकडे वेळेत पोचायचं.

चरकसंहितेत वैद्यकाची दोन प्रयोजनं सांगितली आहेत : निरोग्याचं आरोग्य राखणं आणि रोग्याचा रोग दूर करणं. यातलं पहिलं काम बहुतांशी घरातच होतं. कुत्र्याच्या बाबतीत त्याला रोजची दहा मिनिटं लागतात. पिल्लू असल्यापासून पंजे, कान, तोंड हाताळायची सवय लावा, म्हणजे म्हातारपणी दुखऱ्या जागेलाही ते हात लावू देईल. बोलता न येणाऱ्याने आपल्यावर ठेवलेला तो विश्वास आहे.

आता प्रश्न घेऊ.